अर्ध्या श्वासाचा खुलासा

एकतीस वर्षांच्या नोकरीत मला एकच नोटीस मिळाली. लेटरहेडवर टाइप केलेली, खाली सेंटरचा शिक्का, विषय : कारणे दाखवा. ‘तीन दिवसांत लेखी खुलासा सादर करावा.’ मी तो सादर केला नाही. कागदाची घडी घालून पर्समध्ये ठेवली आणि पुढच्या पेशंटला हाक मारली. आता संपादकांचा फोन आला, की दिवाळी अंकासाठी नोकरीतले अनुभव लिहा, चार गमती येऊ द्या. गमती येतील. पण तो खुलासा द्यायचा राहिलाय, तो आधी देते. मुदत उलटून चार वर्षं झाली असतील तर झाली.

मी सीटी स्कॅनची टेक्निशियन. वाढले अंबरनाथच्या बुवापाड्यात, नोकरी केली उल्हासनगरला कॅम्प चारमध्ये, आणि संसार बदलापूरला. म्हणजे सगळं आयुष्य चार स्टेशनांत आटोपलं. लोकांचा समज असा, की सीटीवरची बाई बटण दाबते आणि मशीन फोटो काढतं. माझ्या सख्ख्या जावेला अजून वाटतं, मी झेरॉक्सच्या दुकानापेक्षा जरा बऱ्या जागी होते. तिचंही बरोबर आहे. तिच्या स्कॅनच्या वेळी ती डोळे मिटून आडवी होती, मी काय करतेय ते तिला दिसणार कसं?

सीटी म्हणजे माणसाचे काप, ब्रेडचे करतात तसे. कुणालाही न कापता. मशीन जाड काप करतं आणि बारीकही करतं. जाड काप फिल्मवर छापून पेशंटच्या हाती जातात. बारीक काप कॉम्प्युटरमध्ये राहतात. आमच्या सेंटरमध्ये डिस्क लहान, पेशंट भरपूर, त्यामुळे दर शनिवारी दुपारी बारीक काप पुसून टाकायचे असा नियम होता. रक्तवाहिन्या बघायच्या असतील तर हाताच्या शिरेत रंगाचं औषध सोडतात. ते शिरलं की अंगातून गरम लाट जाते आणि कपड्यात लघवी झाल्यासारखं वाटतं. होत नाही, नुसतं वाटतं. हे आधी सांगावं लागतं, नाहीतर चांगले धट्टेकट्टे पुरुष टेबलावरून उठून पळतात. एक जीन्सचे व्यापारी खरंच पळाले होते, नळी हातात लोंबत, थेट रिसेप्शनपर्यंत. एक सिंधी आजी चार तास उपाशी राहून आल्या आणि स्कॅन संपल्या संपल्या पिशवीतून पापड काढून आधी मला दिला. पाण्याबरोबर पापड दिल्याशिवाय त्या कुणाला सोडायच्या नाहीत, मग ते घर असो की सीटीची खोली.

या धंद्यात दोन गोष्टी मशीन करत नाही, त्या माणसालाच कराव्या लागतात. एक म्हणजे पेशंटची प्लॅस्टिकची पिशवी उघडणं. प्रत्येकाकडे ती असते. तिच्यात जुने एक्स-रे, रक्ताचे कागद, लाइटबिलं, रेशनकार्डाची कॉपी, आणि या सगळ्यात कुठेतरी डॉक्टरांनी खरंच काय विचारलंय तो कागद. वरची चिठ्ठी नेहमी मोघम असते. पिशवी तळापर्यंत बघितल्याशिवाय पेशंट टेबलावर घ्यायचा नाही, हे मी माझ्या हाताखाली शिकलेल्या प्रत्येकीला सांगितलं. दुसरी गोष्ट श्वास. फुफ्फुसं हलत राहिली तर काप फिसकटतात, म्हणून श्वास रोखायला सांगावं लागतं. आमच्या मशीनमध्ये माझाच आवाज रेकॉर्ड केलेला होता, मराठीत आणि हिंदीत, आणि रिसेप्शनच्या जयाकडून शिकून सिंधीतही. ‘खोल श्वास घ्या. रोखून धरा.’ मला त्या आवाजाचा फार अभिमान होता. त्याच आवाजाने राजूचं वाटोळं केलं.

राजू जीन्स धुण्याच्या कारखान्यात रंगकाम करायचा. हात कोपरापर्यंत निळे. डाव्या फुफ्फुसाचा वरचा भाग टीबीने खाल्लेला, खोकल्यातून रक्त पडायचं, म्हणून तो भाग काढायचं ठरलं होतं. स्कॅन मी केला. चित्र ठीक वाटलं, पाठवून दिलं. काही महिन्यांनी तो एक्स-रेला आला तेव्हा जिना चढताना तीनदा थांबला. एक्स-रेत डावी बाजू पूर्ण पांढरी. कागद वाचले. ऑपरेशनमध्ये श्वासनळीभोवती हत्यार फिरवताना शिरेच्या आड लपलेली एक धमनी फाटली होती. तिथे कुणाला धमनीची अपेक्षाच नव्हती. जीव वाचवायला डावं फुफ्फुस सगळंच काढावं लागलं.

मी जुना स्कॅन काढून बघितला. धमन्या मळकट, रंग जेमतेम चढलेला. असं का झालं ते मला कळेना. पुढे मशीनचं ट्रेनिंग द्यायला आलेल्या बाईंनी सांगितलं तेव्हा ते कळलं. औषध हातातून हृदयाकडे येतं. माणसाने त्याच क्षणी जोरात श्वास ओढला, की पोटाकडचं बिनरंगाचं रक्त भसकन वर येतं आणि रंग पातळ करून टाकतं. फुफ्फुसाच्या धमन्या बघायच्या तर खोल श्वास नकोच. अर्धाच हवा. राजूला मी हे पुढच्या खेपेला सांगितलं. त्याने शांतपणे ऐकून घेतलं. “मैडम, आप ने बोला जोर से लो, तो मैंने लिया,” एवढंच म्हणाला. रागाने नाही. मला तो राग चालला असता.

कुणीही मला दोष दिला नाही. कुणाला कळलंच नव्हतं, दोष द्यायचा तर. पण त्या दिवसापासून मी दुसरा आवाज रेकॉर्ड केला, ‘अर्धा श्वास घ्या’, आणि एक दोनशे पानी वही घातली. तिच्यात फुफ्फुसाच्या धमनीच्या फांद्या काढायला लागले, पेन्सिलीने, रोज येतील तशा.

ती फांदी आता समजावून सांगते, कारण पुढचं सगळं तिच्यावर आहे. डावं फुफ्फुस दोन भागांचं, वरचा आणि खालचा, मध्ये फट. वरच्या भागाच्या तळाला पुढे एक जिभेसारखा तुकडा असतो. डॉक्टर त्याला लिंग्युला म्हणतात, अर्थ छोटी जीभ. मी जिभली म्हणते. या जिभलीला रक्त पुरवणारी धमनी पुस्तकात मागच्या बाजूने, दोन भागांच्या फटीतून येते. पुस्तकात. प्रत्यक्षात बऱ्याच माणसांमध्ये ती पुढून येते, वरच्या फांद्यांच्या सोबतीने निघते आणि शिरेच्या आणि श्वासनळीच्या बेचक्यातून खाली उतरते. काहींना एक पुढून, एक मागून, अशा दोन असतात. उल्हासनगरात ज्याने घर घेतलंय त्याला हे लगेच कळेल. नकाशात नळ मागच्या गल्लीतून आलेला असतो, आणि खरी जोडणी कुणीतरी पुढच्या लाइनवरून घेतलेली असते. नकाशावर विश्वास ठेवून पुढची भिंत खणली की सगळीकडे पाणी.

बाहेरून हे कळत नाही. रक्ततपासणीत कळत नाही. माणूस अख्खं आयुष्य जगून मरतो, त्याला पत्ता नसतो. कळतं ते फक्त रंग नीट भरला आणि बारीक काप बघितले तर.

आता अनसूयाबाई. चार वर्षांपूर्वीच्या एका मंगळवारी सकाळी खरवईहून एकटी आली. साठीची, नऊवारी, कपाळावर आडवं कुंकू, आणि आवाज असा, की रिसेप्शनवर नाव सांगितलं ते मला काचेच्या आत ऐकू आलं. आगरी समाजात लग्न लावायचा मान धवलारणीचा. ती धवळे गाते, तिच्यामागे दोघीतिघी ओळ उचलतात, आणि हळदीपासून लग्नापर्यंतचा प्रत्येक विधी त्या गाण्यावर चालतो. अनसूयाबाई धवलारीण होती. तिच्या डाव्या फुफ्फुसात वर एक गाठ सापडली होती, सुपारीएवढी, लवकर सापडलेली.

त्या दिवशी बाहेर बाकावर नऊ जण. वरच्या चिठ्ठीत लिहिलेलं, छातीचा साधा सीटी, औषध देऊन. मी तिची पिशवी उघडली नाही. इतकी वर्षं जगाला शिकवत होते, आणि मी पिशवी उघडली नाही. साध्या छातीचं बटण दाबलं. माझाच जुना आवाज बोलला, खोल श्वास घ्या. आणि त्या बाईने श्वास घेतला! गाणाऱ्या बाईचा भाता तो. पडद्यावर फुफ्फुसं मावेनात, खालचं टोक कापलं गेलं. मला हसू आलं. स्कॅन झाल्यावर तिला म्हटलं, “मावशी, केवढा श्वास घेतलात!”

“मंग? मना चार घंटे गावं लागतं बाय. हलदीला माझ्याशिवाय कोन गाईल?”

मग ती साडी नीट करत असताना पिशवी टेबलावरून पडली आणि कागद पसरले. उचलताना दुसरी चिठ्ठी दिसली. ठाण्याच्या सर्जन डॉ. क्षितिजा यांची. त्यांनी लिहिलं होतं : पेशंट गाते. शक्य असल्यास गाठ असलेला वरचा भागच काढायचा, लिंग्युला, म्हणजे जिभली, राखायची. धमन्यांच्या फांद्या कळवाव्यात.

पडद्याकडे वळून बघितलं. गाठ स्वच्छ दिसत होती. धमन्या मळकट, राजूसारख्याच.

आमचे रिपोर्ट पुण्याचे एक डॉक्टर कॉम्प्युटरवरून करायचे. त्यांना मी कधी पाहिलं नव्हतं, त्यांनी मला. त्यांच्याकडे रिपोर्टची तयार वाक्यं होती, आणि वाईट हेतूने नाही, दिवसाला इतके स्कॅन बघायचे तर माणूस तेच करणार. बुधवारी रिपोर्ट आला. गाठीचं वर्णन उत्तम. खाली तयार वाक्य : धमनीच्या शाखा नेहमीप्रमाणे. मी बारीक काप उघडले आणि एकेक करून तासभर सरकवले. श्वासनळीच्या पुढे एक करडी रेघ होती. फटीत, जिथे फांदी असायला हवी तिथे, मला काही सापडेना. पण रंगच नाही तर खात्रीने सांगणार काय?

हिशेब सरळ होता. फांदी पुढून असेल आणि सर्जनला ठाऊक नसेल, तर दोनच गोष्टी होऊ शकत होत्या. वरच्या फांद्या बांधताना हीही बांधली जाईल आणि राखलेली जिभली रक्तावाचून मरेल. किंवा राजूचं झालं ते होईल. दोन्हीत अनसूयाबाईचं गाणं जाणार होतं, आणि दुसऱ्यात कदाचित अनसूयाबाईही.

मी पुण्याला फोन लावला.

“डॉक्टर, त्या केसमध्ये रंग नीट चढलेला नाही. चूक माझ्याकडून झालीय. शाखा नेहमीप्रमाणे आहेत असं आपण म्हणू शकत नाही.”

“मॅडम, रिपोर्ट तुम्ही करता की मी?”

“तुम्हीच करता. म्हणूनच तुम्हाला सांगतेय.”

“गाठ दिसतेय ना? मग झालं. तुम्ही मशीन सांभाळा,” असं म्हणून त्यांनी फोन ठेवला.

मग आमचे मालक, हरीश सेठ. वाईट माणूस नाही. टपरीएवढ्या दुकानातून त्यांनी हे सेंटर उभं केलं, आणि घरातल्या प्रत्येकाचा स्कॅन माझ्याच हातून करून घेतला. मी त्यांच्या केबिनमध्ये जाऊन सगळं सांगितलं. माझ्या चुकीसकट.

“ताई, रिपोर्ट साइन हो गया ना? मग बात खतम,” ते म्हणाले. “डॉक्टर लोकांच्या मॅटरमध्ये अपन कशाला पडायचं? परत बोलावलं तर पेशंट बोलेल सेंटरने गडबड केली. नाम खराब होईल.”

“गडबड केलीच आहे, सेठ.”

“आणि शनिवारी डिस्क साफ करा. इंजिनिअर ओरडतोय.”

शनिवार आला. मी डिस्क साफ केली, अनसूयाबाईचे काप सोडून. ते मी दोन सीडींवर उतरवले आणि कुणाला पुसता येऊ नयेत म्हणून कॉम्प्युटरमध्ये लॉक केले. मग दुपारी जेवणाच्या सुट्टीत बाहेर पडून, रस्त्याच्या कडेला उभं राहून, माझ्या स्वतःच्या मोबाइलवरून ठाण्याला डॉ. क्षितिजांना फोन केला. चिठ्ठीवरचा नंबर मी टिपून घेतला होताच. टेक्निशियनने परस्पर सर्जनला फोन करायचा नसतो. हे मला तेव्हाही माहीत होतं. कुणी म्हणेल भान सुटलं, तर नाही सुटलं. पूर्ण शुद्धीत होते.

“किती खात्री आहे तुम्हाला?” त्यांनी विचारलं.

“निम्मी. पण रिपोर्टवर लिहिलेली खात्री माझ्याहूनही कमी आहे.”

मग त्या म्हणाल्या, “मी नवी चिठ्ठी देते. धमन्यांसाठी. पण औषध दुसऱ्यांदा द्यायचं, आधी किडनीची तपासणी करून घ्या. आणि ताई, त्या बाईंना समजावणं तुमच्याकडे.”

समजावणं सोपं नव्हतं. अनसूयाबाई आली ती घुश्शातच.

“तूच बोललीस ना दम भर म्हनून? मी भरला. आता बोलतेस परत सुई. माजा हात काय चालन हाय?”

राजू जे बोलला होता तेच ही बोलत होती, फक्त जोरात. मी तिच्यासमोर स्टूल ओढून बसले. म्हटलं, “मावशी, तुमची काही चूक नाही. चूक माझी. तुमची पिशवी मी उघडून बघितली नाही. ऑपरेशनच्या बाईंना एक नस दिसायला हवी, ती माझ्यामुळे दिसली नाही. न बघता कापलं तर तुमचं गाणं जाईल. आणखी काही सांगायचं तर, जीवही जाईल.” पेशंटला इतकं सरळ बोलायची आमच्यात पद्धत नाही. जया दारात उभी राहून मला खुणा करत होती. मी तिकडे बघितलं नाही.

अनसूयाबाईने हाताची बाही वर सारली. मग म्हणाली, “चूक झाली बोलनारी पयलीच भेटलीस. चल.”

पण टेबलावर पुन्हा तोच घोळ. औषध देण्याआधी आम्ही कोरडा सराव करून घेतो. मशीन म्हणालं, अर्धा श्वास घ्या. तिने अख्खा घेतला. तीनदा तेच. चाळीस वर्षांची सवय ती, कुणी ‘घ्या’ म्हटलं की भाता भरायचा. अर्धा म्हणजे किती हे कोण कुणाला सांगणार? माझ्या हातात एकच संधी होती. तिसऱ्यांदा औषध द्यायला मी स्वतःच तयार झाले नसते.

मशीनचा आवाज मी बंद केला. आत गेले, तिच्या उशाशी उभी राहिले आणि विचारलं, “मावशी, तुमच्यामागे त्या दोघी ओळ उचलतात, तेव्हा तुम्ही काय करता?”

“मी गप रहतंय.”

“श्वासाचं काय करता?”

तिला हे आजवर कुणी विचारलंच नसावं. तिने डोळे मिटले, ओठ हलवले, मनात गाऊन बघितलं. “तोंड मिटतंय. नवा दम घेत नाय. व्हता तो सोडत पन नाय. पोरींची वल संपस्तवर तसाच धरतंय. भरला त पुढची वल अंगावर येते, चुकते.”

“मला तेवढंच हवंय. मी काचेमागून ‘उचला’ म्हणेन. समजा पोरींनी ओळ उचलली.”

बाहेर येऊन मी औषध सुरू केलं. पडद्यावर हृदयाच्या उजव्या बाजूला रंग चमकला. माइकमध्ये म्हणाले, “उचला.” अनसूयाबाईची छाती जागच्या जागी थांबली. ना वर, ना खाली. टेबल सरकलं, काही सेकंदांत काम झालं.

पडद्यावर झाड उभं राहिलं. धमन्या पांढऱ्याशुभ्र, टोकापर्यंत. मी ते झाड उजवीकडून डावीकडे फिरवलं. पुढून, वरच्या फांद्यांच्या पायथ्यातून, एक जाड फांदी निघाली होती. शिरेच्या आणि श्वासनळीच्या मधून खाली उतरून ती सरळ जिभलीत गेली होती. फटीत काहीच नव्हतं. एक बारीक काडीसुद्धा नाही. जिभलीचा सगळा संसार त्या एका पुढच्या नळावर होता. काचेच्या अलीकडे एकटी बसून मी राजूला हाक मारली असेन. जया सांगते की मारली. मला आठवत नाही.

चित्र त्याच दिवशी ठाण्याला गेलं. पुण्याच्या डॉक्टरांनी नवा रिपोर्ट दिला, त्यात ती फांदी व्यवस्थित लिहिली, आणि पहिल्या रिपोर्टचा उल्लेख केला नाही. पुढच्या आठवड्यात ऑपरेशन झालं. डॉ. क्षितिजांनी फोनवर एवढंच सांगितलं, “होती तिथेच होती. राखली. लिंग्युला गुलाबी आहे.” मी फोन ठेवला आणि बाथरूममध्ये जाऊन मनसोक्त रडले. मग बाहेर येऊन कुणाच्या तरी गुडघ्याचा स्कॅन केला.

नोटीस त्याच्या दुसऱ्या दिवशी आली. पुण्याहून तक्रार गेली होती. तीन आरोप होते. बाहेरच्या डॉक्टरांशी परस्पर संपर्क. आदेश असूनही डेटा न पुसणं. पेशंटसमोर संस्थेच्या चुकीची वाच्यता. सेठ म्हणाले, “ताई, दोन ओळी लिहून द्या, दिलगीर आहे म्हणून. मी फाइल बंद करतो.” मी म्हटलं, ज्या गोष्टीची मला दिलगिरी आहे ती या कागदावर नाहीच. पिशवी न उघडल्याची नोटीस काढा, आत्ता सही करते. तशी त्यांनी काढली नाही. मला सीटीवरून उचलून एक्स-रेच्या खोलीत बसवलं. शेवटची दोन वर्षं मी हातपाय मोडलेल्यांचे फोटो काढले. त्यात कमीपणा नाही. पण भिंतीपलीकडचं माझं मशीन दुसऱ्या कुणाच्या हाताखाली घरघरताना ऐकू यायचं, आणि मला जेवण जायचं नाही. मधल्या काळात सेठच्या भावाच्या छातीत दुखायला लागलं तेव्हा मात्र सेठ स्वतः एक्स-रेच्या दारात आले. “ताई, आपल्या घरचं आहे. तुम्हीच करा ना.” मी केलं. आधी भावाची पिशवी तळापर्यंत बघितली.

निवृत्तीच्या दिवशी शाल-नारळ झाला, केक झाला. सेठनी मला केबिनमध्ये बोलावून फाइलमधली नोटिशीची कॉपी बाहेर काढली. म्हणाले, “हे फाडून टाकतो. साफ रेकॉर्ड घेऊन जा.” मी त्यांचा हात धरला. म्हटलं, “सेठ, फाडू नका. एकतीस वर्षांत तुम्ही माझ्याबद्दल लेखी एवढंच दिलंय. आणि त्यातलं अक्षर न् अक्षर खरं आहे.” त्यांनी कागद परत फाइलला लावला. “बहोत जिद्दी हो ताई,” म्हणाले, आणि खाली सोडायला आले.

माझी वही मी सेंटरमध्ये ठेवून आलेय. शेवटच्या पानावर अनसूयाबाईची फांदी आहे, आणि खाली लिहिलंय, ‘गाणाऱ्या पेशंटला अर्धा श्वास सांगू नये, तिच्या गाण्यातली जागा विचारावी.’ आता तिथे असलेली मुलगी ती वही उघडते, असं जया सांगते. काही सेंटरमध्ये मशीन अजून सगळ्यांना खोल श्वास घ्यायला सांगतं. तुम्ही कधी फुफ्फुसाच्या धमन्यांसाठी टेबलावर झोपलात आणि तसं ऐकलंत, तर उठून बसा आणि विचारा. माझं नाव सांगितलं तरी चालेल.

गेल्या हिवाळ्यात अनसूयाबाईने खरवईला बोलावलं. तिच्या भाचीच्या मुलीची हळद. सकाळी दहाला मांडवात पोचले. ती बारीक झाली होती, पाटाशेजारी खुर्ची घेतली होती, पण बसली नव्हती. सुरुवात तिने केली. आवाज पूर्वीइतका चढत नव्हता, मला तेवढं कळतं. पण तुटत नव्हता. पहिली ओळ तिने पूर्ण म्हटली, मग मागच्या दोघींनी ती उचलली. तेवढ्यात गर्दीतून तिची नजर माझ्यावर आली. तिने ओठ मिटले. छाती जागच्या जागी थांबवली, ना वर, ना खाली, आणि माझ्याकडे बघत तशीच उभी राहिली. आजूबाजूच्यांना वाटलं असेल, धवलारीण थांबलीय. माझाही श्वास अर्ध्यावर थांबला होता. पोरींची ओळ संपली आणि तिने पुढची उचलली, जिथल्या तिथे.

तर खुलासा असा. पहिला आरोप मान्य, दुसरा मान्य, तिसरा मान्य. पुन्हा वेळ आली तर तिन्ही गोष्टी पुन्हा करीन. आणि कारण दाखवायचंच असेल, तर ते कागदावर मावणार नाही. ते खरवईत राहतं, लग्नसराईत घरी सापडत नाही.